शेवटचा नंबर

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. रात्री साडेदहा.

आज सकाळी पार्किंगमध्ये अंपायर झालो. हौसेने नव्हे. पोरांची भांडणं दुसऱ्या मजल्यापर्यंत यायला लागली, तेव्हा चहाचा कप हातात घेऊनच खाली उतरलो. नियम नेहमीचेच. एक टप्पा आउट, कंपाउंडबाहेर गेला की आउट, आणि जो मारेल त्यानेच बॉल आणायचा. हा शेवटचा नियम नुसता सांगण्यापुरता. बॉल आणायला दर वेळी वॉचमनचा मुलगा पळत होता. त्याला कुणी सांगतही नव्हतं.

असेल अकराएक वर्षांचा. बॉलिंगआधी चपला काढून खांबाशी ठेवायचा, ओव्हर झाली की परत घालायचा, कारण गेटबाहेर कधी पळावं लागेल याचा नेम नाही. टप्पा मात्र असा की स्टंप म्हणून ठेवलेल्या पाण्याच्या रिकाम्या जारचा धप्प आवाज दर दोन-तीन बॉलनंतर यायचाच. आमच्या चिरंजीवांचा जार त्याने दोनदा उडवला. दुसऱ्यांदा चिरंजीवांनी ‘ट्रायल बॉल होता’ म्हणून हुज्जत घातली आणि अंपायरने, म्हणजे मी, ती चालवून घेतली. हे इथे लिहून ठेवतो.

बॅटमागे नंबर लपवून बॅटिंगचा क्रम काढला, तेव्हा तो कुणाच्या तरी गाडीला गेट उघडायला गेला होता. उरलेला शेवटचा नंबर आपोआप त्याचा. तो यायच्या आत वरून पोह्यांची हाक आली आणि डाव मोडला.

बी विंगमधली एक मुलगी आज पहिल्यांदा खेळायला आली, तीही स्वतःची बॅट घेऊन. मागच्या रविवारी डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप घेतला, तेव्हापासून सोसायटीत ही लाट आहे. बोर्डाने पुरुष आणि महिलांची मॅच फी २०२२ मध्येच सारखी केली. आमच्या पार्किंगमध्ये मात्र त्याला ती फायनल यावी लागली. तोवर मुलगी म्हणजे कच्चं लिंबू, नाहीतर स्कोअर लिहायला. आज तिने आल्या आल्या सांगून टाकलं, ‘माझ्या बॅटने खेळायचं असेल तर पहिली बॅटिंग माझी.’ कुणी हूं की चूं केलं नाही. ज्याची बॅट त्याची बॅटिंग, हा कायदा पोरांना तोंडपाठ.

दुपारी पडल्या पडल्या पालवणकर बाळू आठवत राहिले. याच पुण्यातली गोष्ट, सव्वाशेएक वर्षांपूर्वीची. चांभार समाजातला हा तरुण गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करायचा. पगार महिना चार रुपये. नेटमध्ये साहेबांना बॉलिंग टाकायचं कामही त्याच्याकडेच. ग्रेग नावाचा साहेब आउट झाला की दर वेळी आठ आणे द्यायचा म्हणतात. शेकडो तास बॉलिंग टाकली, पण त्या क्लबात बॅट काही एकदाही हातात मिळाली नाही, असं बाळूंनी पुढे मुलाला सांगितलं होतं. बॉलिंग म्हणजे घाम, तो नोकराने गाळायचा, बॅटिंग साहेबाची.

मग गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतलं. मैदानावर त्यांनी टाकलेला बॉल सगळे झेलत होते. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत बसून कपातून पिणार आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. बॉल विटाळत नव्हता, कप विटाळत होता! १९०६ साली मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांच्या संघाला १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी दिलं नाही. ते घरात आलं १९२३ साली, धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे, आणि तेही भावांनी आधी त्यावरून वाद घातल्यावर. (हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून हरले. तो गुंता निराळा, आज नको.)

आज सगळी पोरं एकाच बाटलीतून पाणी प्याली, वॉचमनचा मुलगाही. मी मुद्दाम पाहिलं. बाटली वरून धरून प्यायला कुणाला वेळ नव्हता, तोंड लावूनच चाललं होतं. म्हणजे कप गेला. त्याचं मला बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच थोडी लाज वाटली.

कारण आमच्या वाड्यातही असा एक होता. मागच्या खोलीत राहणाऱ्या धुणंवालीचा मुलगा. चिंचेपलीकडून टाकलेला त्याचा थ्रो थेट हातात यायचा. तो अजून तळहाताला आठवतो. आम्ही चार उन्हाळे तरी एकत्र खेळलो असू. त्याने मारलेला एक फटका आठवायचा म्हणून आज बराच वेळ प्रयत्न केला. कव्हर नाही, पूल नाही, साधा तटवलेला बॉलसुद्धा नाही.

रात्री जेवताना चिरंजीवांना विचारलं, ‘अरे, तो बॅटिंग कधी करतो?’

‘तो बॉलर आहे ना, बाबा.’

‘बुमरासुद्धा बॉलर आहे. त्याला देतात बॅटिंग.’

‘अकरावा येतो तो.’ भाकरीचा तुकडा मोडत त्याने अगदी सरळ सांगितलं. पोरगं दुष्ट नाही. त्याला खरंच तसं वाटतं.

‘पुढच्या रविवारी पहिला नंबर त्याला द्या.’

यावर तो थोडा वेळ आमटी भुरकत राहिला. मग म्हणाला, ‘पण बॅट माझी आहे.’

आहेच. मागच्याच महिन्यात दिवाळीला मीच घेऊन दिली.