तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या टीव्हीत तुमचं काम आहे का?

मी क्वांटम डॉटवर, म्हणजे उजेड देणाऱ्या अतिसूक्ष्म स्फटिकांवर, काम करते असं म्हटलं, की ज्यांच्या घरी नवा टीव्ही आलेला असतो ते हा प्रश्न हमखास विचारतात. पहिल्यांदा विचारला तो आत्याने. दिवाळीला सांगलीला गेले होते. टीव्हीचं रिकामं खोकं तिने मुद्दाम माझ्यासाठी जपून ठेवलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत क्यूएलईडी छापलेलं. "अगं, हेच ना तुझं? मी शेजारच्या वहिनींना सांगूनसुद्धा टाकलंय." खरं उत्तर ‘नाही’ होतं आणि तिचा चेहरा बघून ते माझ्याने सांगवलं नाही. नंतर विद्यार्थ्यांच्या पालकांनी विचारलं, बँकेतल्या साहेबांनी विचारलं. म्हणून आता नीट सांगते.

तुमच्या टीव्हीत क्वांटम डॉट आहेत, पण ते विजेवर पेटत नाहीत. पडद्याच्या मागे निळे एलईडी असतात आणि त्यांच्यासमोर डॉट पसरलेली एक पातळ फिल्म. डॉट निळा उजेड शोषतात आणि त्याच्या बदल्यात स्वच्छ लाल आणि हिरवा उजेड देतात. पुढचं सगळं जुन्या एलसीडीसारखंच. चित्राचे रंग खरोखर सुधारतात, त्यात फसवणूक काही नाही. पण उजेड मुळात एलईडीचा आहे, डॉटने फक्त त्याचा रंग पालटला.

माझं काम याच्या पुढच्या पायरीवर आहे. मागचा एलईडी नको, फिल्म नको. डॉटमधून थेट वीज जावी आणि तो स्वतः उजळावा. असा दिवा पहिल्यांदा १९९४ साली बर्कलीत तयार झाला. संशोधक त्यालाच क्यूएलईडी म्हणत आले, दुकानदार मात्र फिल्मवाल्या टीव्हीला तेच नाव देतात. आत्याच्या खोक्यावरचा घोटाळा तो हाच.

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा (सेमीकंडक्टरचा) अतिशय लहान स्फटिक. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड धरला, तर हा कण दोन ते दहा नॅनोमीटरचा. जत्रेत बासरीवाला काठीला बासऱ्या खोचून हिंडतो, तो आठवा. बांबू तोच, पण आखूड बासरी चढ्या स्वरात वाजते आणि लांब बासरी खालच्या. डॉटचंही तसंच आहे. कॅडमियम सेलेनाइडचा दोन-अडीच नॅनोमीटरचा कण निळसर हिरवा उजळतो, सहाच्या आसपासचा लाल. पदार्थ तोच. इलेक्ट्रॉनला वावरायला जागा जितकी कमी, तितकी त्याची ऊर्जा जास्त, आणि तितका उजेड निळ्याकडे सरकतो. एकिमोव्ह यांनी हे काचेत पाहिलं, ब्रूस यांनी द्रावणात, आणि बावेंडी यांच्या गटाने १९९३ साली एकसारख्या आकाराचे कण बनवण्याची रीत दिली. २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं, त्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत पेढे वाटले.

ती रीत मी पहिल्यांदा पवईला पाहिली. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, त्यामुळे तीन तोंडांचा फ्लास्क तोवर हातात धरलेला नव्हता. आत आर्गॉन वायू, तापमान तीनशे अंशांच्या आसपास. सिरिंजमधलं सेलेनियमचं द्रावण एका दमात आत सोडायचं, हात रेंगाळता कामा नये. पाण्यासारखं द्रावण पिवळं होतं, मग केशरी, मग लाल, आणि हे सगळं काही मिनिटांत. आई लाडवांसाठी एकतारी पाक करायची तेव्हा उलथन्यावरून नजर काढायची नाही, तशी आमची नजर फ्लास्कवर. दहा सेकंदांनी थोडं काढायचं, तीस सेकंदांनी थोडं, मिनिटाने थोडं. मग खोलीतले दिवे घालवून त्या बाटल्यांवर अतिनील दिवा धरायचा. हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल अशा ओळीने त्या उजळल्या आणि माझं ठरलं. नोकरीचं पत्र आलेलं होतं. ते मी परत केलं.

डॉट उजळवणं मात्र कामाचा लहान भाग निघाला. मोठा भाग आहे तो उजळत ठेवणं.

दिव्याची रचना ऐकायला सोपी वाटते. काचेवर पारदर्शक विद्युतवाहक थर, त्यावर धन प्रभार वाहून आणणारे थर, मग डॉटचा वीस-तीस नॅनोमीटरचा थर, वर झिंक ऑक्साइड आणि शेवटी ॲल्युमिनियम. बरेचसे थर द्रावणाचा थेंब काचेवर टाकून आणि काच गरगर फिरवून बसवायचे. हे काम ग्लव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत चालतं, कारण हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा दिव्याला मारतात. माझे पहिले दिवे मार्चमध्ये बरे चालले. जूनच्या शेवटी केलेले तासाभरात काळ्या ठिपक्यांनी भरून गेले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुधारले. दुसऱ्या वर्षी तेच. ग्लव्हबॉक्सचा मीटर बाराही महिने ओलावा एक पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत एका भागाच्या, खालीच दाखवत होता.

शोधायला मला दोन पावसाळे लागले. धन प्रभाराच्या बाजूचा पहिला थर पाण्यातल्या द्रावणाचा असतो. तो बाहेर, उघड्या हवेत भाजावा लागतो. भाजून झाला की आम्ही काच निवायला ठेवायचो आणि मग ग्लव्हबॉक्समध्ये घ्यायचो. मुंबईच्या जुलैतली ती पाच-सात मिनिटं पुरेशी होती. तो थर मिठासारखा ओल ओढतो, आणि ती ओल घेऊन आम्ही जगातल्या सगळ्यात कोरड्या पेटीत शिरत होतो. उपाय साधा होता: आत गेल्यावर काच पुन्हा एकदा भाजायची. माझ्या आठवणीत शोध म्हणावा असा क्षण तोच. त्याच्यावर शोधनिबंध मात्र निघाला नाही, आणि वाचलेल्या कुठल्या शोधनिबंधात तो सापडलाही नव्हता. पुढे तीन वर्षं बेल्जियममध्ये घेंटला काम केलं. तिथल्या हिवाळ्यात कोरड्या, गरम ठेवलेल्या खोलीत हा प्रश्न कुणाला पडलाच नसता, हे तिथे गेल्यावर कळलं. आमच्या हवेत टिकणारा दिवा आमच्या हवेतच बनवून पाहावा लागतो, असं मला तेव्हापासून वाटतं. पुण्याला परत यायचं ते एक कारण.

आता निळ्या दिव्याबद्दल, कारण माझी गेली काही वर्षं तिथेच गेली आहेत.

२०१४ साली चीनमधल्या एका गटाने लाल दिवा केला. डॉट आणि झिंक ऑक्साइड यांच्यामध्ये त्यांनी विद्युतरोधक प्लास्टिकचा अगदी पातळ थर घातला. इलेक्ट्रॉन फार लवकर येऊन गर्दी करतात, त्यांना जरा थोपवायचं, म्हणजे धन प्रभार वेळेवर पोचतो. त्या दिव्याचं आयुष्य १०० निट (निट हे उजळपणाचं माप) उजेडाला एक लाख तासांच्या वर भरलं. एक लाख तास म्हणजे अकरा वर्षं. तितकं घड्याळ लावून कुणी बसलेलं नसतं. दिवा जास्त उजेडाला चालवून लवकर थकवतात आणि त्यावरून हिशेब मांडतात. उजेड दुप्पट केला की आयुष्य निम्म्याहूनही कमी होतं, हे आम्हाला अनुभवाने माहीत असतं.

निळ्याचं तसं झालं नाही. निळ्या डॉटची ऊर्जेची पायरी मोठी असते, धन प्रभाराला ती चढवत नाही, इलेक्ट्रॉन मात्र येतच राहतात. उरलेली ऊर्जा शेजारचे थर खराब करत जाते. २०२०मध्ये सॅमसंगच्या संशोधकांनी झिंक, टेल्युरियम आणि सेलेनियमचे कण वापरून निळा दिवा १५,८५० तासांपर्यंत नेला, तोही १०० निटला आणि उजेड निम्म्यावर येईपर्यंत. रोज पाच तास टीव्ही लावला तर साडेआठ वर्षं होतात, म्हणजे पुरे झालं असं वाटेल. पण टीव्हीला १०० निट पुरत नाहीत. आणि निळा निम्म्यावर येण्याच्या कितीतरी आधी, लाल-हिरवा टिकून निळा थोडासा जरी ओसरला, तरी आत्याच्या मालिकेतली पांढरी साडी पिवळी दिसायला लागेल.

सॅमसंगच्या त्या दिव्याची आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्यात कॅडमियम हा विषारी धातू नाही. काही सवलती सोडल्या तर युरोपात विजेच्या उपकरणातल्या पदार्थात कॅडमियम वजनाच्या ०.०१ टक्क्याच्या वर चालत नाही, आणि ते योग्यच आहे. टाकून दिलेला टीव्ही शेवटी आपल्याकडे कुणाच्या हातांनी फोडला जातो, हे आपण पाहतो. मी स्वतः २०१७पासून कॅडमियमचं काम बंद केलं. त्यामुळे दोन वर्षं माझ्या दिव्यांचे आकडे खाली आले. ते मला मान्य होतं.

गेल्या वर्षी आत्या पुण्याला आली तेव्हा तिला प्रयोगशाळेत नेलं आणि टीव्हीचं खरं सांगून टाकलं. काळ्या पेटीच्या खिडकीतून तिने माझा निळा दिवा पाहिला, दोन मिलिमीटरचा चौकोन. बराच वेळ पाहिला.

"हा किती तास झाला चालतोय?"

"सहाशे बारा."

"मग टीव्हीत कधी येणार?"

मी तिला साल सांगितलं नाही, तुम्हालाही सांगत नाही. नवा टीव्ही हवा असेल तर खुशाल घ्या, वाट पाहू नका. लाल तयार आहे, हिरवा जवळजवळ तयार आहे. निळ्याचं काम चालू आहे.