एबेनेझरमधला रविवार

ऑक्टोबर 2024, अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचे दिवस. भाच्याचं घर जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला, फोर्साइथ काउंटीत. गल्लीत निम्मी घरं आपल्याच लोकांची. 1912 साली याच काउंटीतून हजारभर कृष्णवर्णीयांना पिटाळून लावलं होतं, हे भाच्याला घर घेतल्यावर कळलं. शेजारचे गोरे आजोबा भले गृहस्थ. अंगणात ट्रम्पची पाटी, काखेत बायबल, स्वारी बॅप्टिस्ट चर्चला निघालेली.

आम्हीही बॅप्टिस्ट चर्चलाच निघालो होतो, पण ऑबर्न अव्हेन्यूवरच्या एबेनेझरला. मार्टिन लूथर किंग यांचं हे चर्च. जुनी विटांची इमारत रस्त्यापलीकडे आहे. केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी किंग यांची ओळख ‘अमेरिकेतले अस्पृश्य’ अशी करून दिली, आधी राग आला आणि मग पटलं, हे त्यांनीच 1965 मध्ये इथल्याच प्रवचनात सांगितलं होतं. आताचे मुख्य पाद्री रफाएल वॉर्नॉक हे 2021 पासून सिनेटर; जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर.

त्या दिवशीचं प्रवचन बायबलमधल्या मॅथ्यूच्या पंचविसाव्या अध्यायावर होतं: मी तहानलेला होतो, तुम्ही मला पाणी दिलंत. उमेदवाराचं नाव एकदाही नाही. करसवलत घेणाऱ्या चर्चला प्रचाराची बंदी 1954 पासून आहे. पण नाव न घेता सगळं सांगणं आपल्या कीर्तनकारांनाही जमतंच की!

उपासना संपली आणि माणसं थेट मुदतपूर्व मतदानाला नेणाऱ्या बसकडे. ‘सोल्स टू द पोल्स’, कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली जुनी रीत. जांभळ्या टोपीतल्या एक मावशी दारातच प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली कोंबत होत्या. ‘इथेच पिऊन घ्या,’ म्हणाल्या, ‘तिथे दिली तर मला आत टाकतील.’ मला वाटलं, थट्टा. पण 2021 च्या कायद्याने मतदान केंद्रापासून 150 फुटांच्या आत रांगेतल्या माणसाला पाणी वाटणं खरोखरच गुन्हा आहे. तासाभराने त्या परतल्या, कोटावर मत दिल्याचा, पीचच्या चित्राचा स्टिकर. मत कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी, म्हणजे कट्टर बायबलनिष्ठ प्रोटेस्टंटांपैकी, दहातले आठ ट्रम्पकडे जातात, तेही विचारावं लागत नाही. ग्रंथ तोच, पंथही बऱ्याचदा तोच.

संध्याकाळी कुंपणापाशी आजोबा भेटले. त्यांचं मत त्याच आठवड्यात आधीच देऊन झालं होतं; तसाच पीच बायबलच्या वेष्टनावर चिकटवलेला.

‘प्रवचन कशावर होतं?’

‘मॅथ्यू, पंचवीस.’

‘अरे वा,’ आजोबा खुलले, ‘माझा सगळ्यात आवडता अध्याय!’