वजाबाकीने ठरणारा मौल्यवान खेळाडू

जोश ॲलन २७, लमार जॅक्सन २३. अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगच्या, म्हणजेच एनएफएलच्या, २०२४ च्या हंगामात सर्वांत मौल्यवान खेळाडू कोण ठरला, यासाठी असोसिएटेड प्रेसने निवडलेल्या ५० मतदारांनी दिलेल्या पहिल्या पसंतीच्या मतांची ही विभागणी आहे. गुणांच्या हिशेबात ती ३८३ विरुद्ध ३६२ अशी झाली. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये ॲलनच्या नावाची घोषणा झाली आणि पुरस्काराचा प्रश्न औपचारिकरीत्या मिटला, पण चाहत्यांमधला वाद मिटला नाही. त्या वादात मीही हिरिरीने भाग घेतला आहे. माझे मत हंगामाच्या मध्यापर्यंत एका बाजूला होते आणि शेवटी दुसऱ्या बाजूला गेले. ते का बदलले, हे नीट मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत यार्डायार्डाने पुढे सरकण्याचा खेळ. आक्रमणाची सूत्रे क्वार्टरबॅकच्या हाती असतात. जवळपास प्रत्येक चालीत चेंडू प्रथम त्याच्याकडे येतो आणि तो फेकायचा, दुसऱ्याकडे सोपवायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे त्याच्या हातून ठरते. ॲलन बफेलो बिल्सचा क्वार्टरबॅक आहे, तर जॅक्सन बाल्टिमोर रेव्हन्सचा.

आकडे जॅक्सनच्या बाजूने होते, हे ॲलनचे चाहतेही मान्य करतात. जॅक्सनने ४,१७२ यार्डांच्या यशस्वी फेकी केल्या, ४१ टचडाउन पास (ज्यांवर सहकाऱ्याने चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवले) दिले आणि संपूर्ण हंगामात केवळ ४ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती फेकला, म्हणजे ४ इंटरसेप्शन. शिवाय ९१५ यार्ड तो स्वतः धावला. एकाच हंगामात ४,००० यार्डांची फेक आणि ९०० यार्डांची धाव हे त्याच्याआधी लीगच्या इतिहासात कोणालाही जमले नव्हते, आणि ४० हून अधिक टचडाउन पास देऊन इंटरसेप्शन पाचाच्या आत ठेवणेही नाही. ॲलनचे आकडे होते ३,७३१ यार्ड, २८ टचडाउन पास, ६ इंटरसेप्शन आणि धावत केलेले १२ टचडाउन. दोघांच्या पासर रेटिंगमधले, म्हणजे फेकीची कामगिरी मोजणाऱ्या गुणांकातले, अंतर तर फारच मोठे होते : जॅक्सन ११९.६, ॲलन १०१.४.

असे असताना ॲलनच्या बाजूने काय बोलले जात होते? त्या मुद्द्याला मी वजाबाकीचा मुद्दा म्हणतो. पुरस्कार ‘सर्वोत्तम’ खेळाडूचा नसून ‘सर्वांत मौल्यवान’ खेळाडूचा आहे; तेव्हा त्या खेळाडूला संघातून वजा करून पाहावे आणि मागे काय उरते यावरून त्याचे मोल ठरवावे, असा हा युक्तिवाद आहे. एप्रिल २०२४ मध्ये बिल्सने आपला प्रमुख रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, स्टेफॉन डिग्ज ह्यूस्टनकडे पाठवला. त्यानंतरच्या हंगामात बिल्सच्या एकाही रिसीव्हरला १,००० यार्डांचा टप्पा गाठता आला नाही. सर्वाधिक यार्ड मिळवणारा खलील शकीर ८२१ वर थांबला. उलट जॅक्सनच्या पाठीशी त्याच हंगामात चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक डेरिक हेन्री येऊन उभा राहिला आणि १,९२१ यार्ड धावला. तरीही बिल्स १३ सामने जिंकले आणि रेव्हन्स १२. ॲलनला काढा, बिल्समध्ये काय उरते, असा सवाल त्याचे चाहते करत, आणि त्या सवालात जोर होता हे मी नाकारत नाही.

डिसेंबरमध्ये माझे मत ॲलनलाच होते. १ डिसेंबरला बर्फात झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या सामन्यात त्याने अमारी कूपरकडे चेंडू फेकला, कूपरने पकडीत अडकत असताना तो परत ॲलनकडे उडवला, आणि ॲलनने कोपऱ्याकडे झेप घेऊन टचडाउन केला. एकाच चालीत टचडाउन पास देणारा आणि तो पूर्ण करणारा खेळाडू एकच होता. त्याच सामन्यात त्याने धावूनही टचडाउन केला. पुढच्या आठवड्यात लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध त्याने तीन टचडाउन फेकून आणि तीन धावून केले, आणि तरीही बिल्स ४४-४२ असे हरले. त्याच्या पुढच्या आठवड्यात, सलग ११ सामने जिंकून आलेल्या डेट्रॉइटला त्यांनी ४८-४२ असे हरवले. ते तीन सामने ओळीने पाहिल्यावर दुसरे नाव मनात येणेच कठीण होते. बफेलोच्या मैदानावर हजारो प्रेक्षक एका सुरात ‘एमव्हीपी, एमव्हीपी’ (मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर, म्हणजे सर्वांत मौल्यवान खेळाडू) असा घोष करत, तेव्हा तो नुसता पक्षपात नव्हता. डोळ्यांसमोर जे घडत होते त्याला दिलेली ती प्रामाणिक दाद होती.

मग मत का बदलले? कारण वजाबाकीचा मुद्दा जितका तपासावा तितका तो हातातून निसटतो. खेळाडूला वजा केलेला संघ मैदानात उतरतच नाही; तो फक्त आपल्या कल्पनेत खेळतो, आणि कल्पनेत प्रत्येकाचा आवडता खेळाडू अपरिहार्य असतो. क्वचित ती वजाबाकी प्रत्यक्षात घडते, आणि तशी दोन उदाहरणे मला फार बोलकी वाटतात. इंडियानापोलिस कोल्ट्स २०१० मध्ये पेटन मॅनिंगसह १० सामने जिंकले. २०११ चा संपूर्ण हंगाम मानेच्या दुखण्यामुळे मॅनिंग बाहेर राहिला आणि तोच संघ १६ पैकी केवळ २ सामने जिंकू शकला. हे उदाहरण वजाबाकीवाद्यांचे आवडते आहे. दुसरे उदाहरण मात्र ते सहसा देत नाहीत. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा टॉम ब्रेडी २००७ मध्ये ५० टचडाउन पास देऊन हाच पुरस्कार घेऊन गेला होता आणि त्याच्या संघाने साखळीतले सर्व १६ सामने जिंकले होते. २००८ च्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा निकामी झाला. त्याच्या जागी मॅट कॅसल खेळला, आणि पेट्रियट्स तरीही ११ सामने जिंकले.

या दोन उदाहरणांतून सरळ अर्थ काढायचा, तर मॅनिंग अमूल्य होता आणि ब्रेडी तितका नव्हता, असे म्हणावे लागेल. पण ब्रेडीबद्दल असे कोणीही गंभीरपणे म्हणत नाही, आणि म्हणूही नये. कॅसलच्या हंगामावरून आपल्याला कळते ते न्यू इंग्लंडच्या प्रशिक्षणाबद्दल, बचावफळीबद्दल आणि राखीव खेळाडूंच्या तयारीबद्दल. म्हणजे वजाबाकी करून आपण खेळाडूला मोजायला जातो आणि प्रत्यक्षात मोजतो ते उरलेल्या संघाला. ज्याचे सहकारी दुबळे, तो अधिक मौल्यवान. ज्याच्या व्यवस्थापनाने चांगले खेळाडू आणले, त्याचे मोल कमी. हेन्रीला करारबद्ध करणे हा बाल्टिमोरच्या व्यवस्थापनाचा शहाणा निर्णय होता. त्याचा भुर्दंड जॅक्सनने का भरावा, याचे समाधानकारक उत्तर मला एकाही वादात मिळाले नाही.

त्यातही ही वजाबाकी समान हाताने केली जात नव्हती. ॲलनभोवती नामांकित रिसीव्हर नव्हते, हे खरे. पण त्याच्यासमोर उभी असलेली ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे त्याचे रक्षण करणारी पाच जणांची फळी, इतकी भक्कम होती की अख्ख्या हंगामात तो फक्त १४ वेळा चेंडूसह पाडला गेला. धावून हेन्रीने १६ टचडाउन केले हे सर्वांना पाठ होते; बफेलोच्या जेम्स कुकनेही नेमके तितकेच केले होते. ‘ॲलन एकटा लढला’ हे वाक्य ऐकायला हृद्य आहे, पण त्यात त्या पाच लाइनमनचे आणि कुकचे श्रम पुसले जातात. माझे मत बदलण्याची सुरुवात नेमकी इथे झाली.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ज्या मतदारमंडळाने ॲलनला हा पुरस्कार दिला, त्याच मंडळाने हंगामाच्या ‘ऑल-प्रो’, म्हणजे प्रत्येक जागेवरच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात क्वार्टरबॅक म्हणून जॅक्सनला निवडले. म्हणजे सर्वोत्तम क्वार्टरबॅक जॅक्सन आणि सर्वांत मौल्यवान ॲलन, असा निवाडा झाला. ज्यांना दोन्ही शब्दांत खरा भेद वाटतो त्यांना हे सुसंगत वाटेल. मला वाटत नाही, कारण ‘मौल्यवान’ या शब्दाची काटेकोर व्याख्या मतदारांना दिलेलीच नसते. जिथे व्याख्या नाही तिथे कथा शिरते. जॅक्सनला हा पुरस्कार २०१९ मध्ये एकमताने आणि २०२३ मध्ये ५० पैकी ४९ पहिल्या मतांनी मिळाला होता. ॲलनला तो कधीच मिळाला नव्हता. तिसऱ्यांदा त्याच माणसाला काय द्यायचे, हा विचार मतदारांच्या मनात किती होता हे सांगता येणार नाही, पण चाहत्यांच्या बोलण्यात तो उघडपणे होता, आणि तो अन्यायाचा आहे असे मी तेव्हाही म्हणत होतो. २०२४ चा पुरस्कार २०२४ च्या खेळाला मिळायला हवा.

आणखी एक गैरसमज मला वारंवार दूर करावा लागला. १९ जानेवारी २०२५ रोजी बाद फेरीत बिल्सने रेव्हन्सला २७-२५ असे हरवले. शेवटच्या दोन मिनिटांत रेव्हन्सना बरोबरी साधण्याची संधी होती, पण त्यांच्या मार्क अँड्र्यूजच्या हातून टचडाउननंतरच्या दोन जादा गुणांचा झेल सुटला. या निकालाने वाद संपला, असे अनेक जण म्हणाले. वस्तुतः मतदान साखळी सामने संपताच होते आणि बाद फेरीचा त्यात विचार होत नाही. आणि आमनेसामनेच्या लढतीलाच निकष मानायचे असेल, तर सप्टेंबरमध्ये साखळीत रेव्हन्सने बिल्सला ३५-१० असे नमवले होते.

आतापर्यंत मी दोनच नावे घेतली, आणि ही या साऱ्या वादाची मोठी उणीव आहे. त्याच हंगामात फिलाडेल्फिया ईगल्सचा रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली २,००५ यार्ड धावला. १९८४ मधल्या एरिक डिकरसनच्या २,१०५ यार्डांच्या विक्रमापासून तो १०० यार्डांवर होता आणि शेवटच्या साखळी सामन्यात त्याला विश्रांती दिली गेली. मतदानात तो तिसरा आला, पण पहिल्या दोघांपासून फार दूर राहिला. २०१२ मध्ये एड्रियन पीटरसन २,०९७ यार्ड धावून हा पुरस्कार जिंकला, तेही आदल्या डिसेंबरमध्ये गुडघ्याचा स्नायुबंध तुटलेला असताना. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी, २०२४ पर्यंत, तो क्वार्टरबॅकलाच मिळत गेला. बचावफळीतला शेवटचा मानकरी १९८६ चा लॉरेन्स टेलर. वाइड रिसीव्हरला असोसिएटेड प्रेसचा हा पुरस्कार आजवर कधीच मिळालेला नाही. १९८७ मध्ये जेरी राइसने १२ सामन्यांत २२ टचडाउन झेलले, तेव्हाही तो क्वार्टरबॅक जॉन एल्वेकडे गेला. १९८२ च्या संपामुळे नऊ सामन्यांवर आलेल्या हंगामात मात्र तो किकर मार्क मोझलीला मिळाला होता.

याचे कारण मतदारांचा आळस, असे म्हणणे मला पटत नाही. खेळच बदलला आहे. १९७८ मध्ये रिसीव्हरला पाच यार्डांपलीकडे अडवण्यावर बंधन आले आणि लाइनमनना हात पुढे करून प्रतिस्पर्ध्याला थोपवण्याची मुभा मिळाली. त्यानंतर चेंडू फेकणे दशकागणिक सोपे आणि फलदायी होत गेले, आणि त्यामुळे फेकणाऱ्याचे वजन वाढले. क्वार्टरबॅक सर्वाधिक प्रभावी आहे, हे मी मान्य करतो. माझी तक्रार एवढीच की आता इतरांचा विचार सुरूही होत नाही.

मात्र बार्कलीच्या बाबतीत माझाच युक्तिवाद मला अडचणीत आणतो, आणि ते लपवणे बरोबर नाही. आदल्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळताना तोच बार्कली १४ सामन्यांत ९६२ यार्ड धावला होता. खेळाडू तोच, पाय तेच, वर्षभरात यार्ड दुपटीहून अधिक. ही तर प्रत्यक्षात घडलेली आणखी एक वजाबाकी, फक्त उलट दिशेने : या वेळी खेळाडू कायम राहिला आणि भोवतालचा संघ बदलला. काही वाटा दुखापतीतून सावरण्याचा असेल, काही डावपेचांचा. पण ईगल्सच्या लाइनमध्ये उघडणाऱ्या रुंद वाटा ज्याने पाहिल्या असतील, तो त्या पाच जणांचे श्रेय नाकारू शकणार नाही. जॅक्सनच्या सहकाऱ्यांचा भुर्दंड त्याच्यावर लादू नये असे म्हणताना, सहकाऱ्यांचे श्रेय त्यांच्यापर्यंत पोहोचावे हेही मला म्हणावेच लागते.

२०२२ पासून मतदार एकच नाव न देता पाच नावे क्रमाने देतात आणि त्यांना १०, ५, ३, २ व १ असे गुण मिळतात. ही सुधारणा मला फार आवडते, कारण पाचव्या नावात मोठी मोकळीक असते. मला मत असते तर पहिले जॅक्सनला दिले असते, दुसरे ॲलनला, तिसरे बार्कलीला. चौथे सिनसिनाटीच्या जो बरोला, ज्याने ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन फेकूनही संघाचा हंगाम बाद फेरीआधी संपताना पाहिला. पाचवे मी ईगल्सचा डावा टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा खेळाडू, जॉर्डन मायलाटाला दिले असते. हा ऑस्ट्रेलियातला माजी रग्बी लीग खेळाडू. २०१८ मध्ये नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, सातव्या फेरीत निवडला गेला, तेव्हा त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. आता बार्कलीच्या धावांचे चित्रण पाहताना मी सुरुवातीचे दोन सेकंद बार्कलीकडे पाहतच नाही. डाव्या बाजूला मायलाटाने कोणाला किती मागे रेटले, ते पाहतो.