रविवारचा दुसरा सेट गाठायचा तर : फिशच्या चार रात्रींचा माझा अनुभव

फिश या अमेरिकन रॉक बँडच्या चाहत्यांत एक जुना नियम आहे: रविवारचा शो चुकवायचा नाही. अडचण एवढीच की तंबूतल्या फेस्टिव्हलला रविवार उजाडेपर्यंत निम्मी जनता ऊन, जागरण आणि ओल्या चादरी यांनी गारद झालेली असते. मध्यंतरानंतरचा दुसरा सेट सुरू होतो तेव्हा घडीच्या खुर्चीत घोरणारे पुष्कळ दिसतात. आमची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती फिरते: रविवारी रात्री दुसऱ्या सेटला आपण पायावर उभे असायचं, डोकं जागेवर आणि मोजे कोरडे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फिश हा १९८३ साली व्हरमाँटमध्ये सुरू झालेला चौघांचा बँड: गिटारवर ट्रे अनास्तासिओ, बेसवर माइक गॉर्डन, कीबोर्डवर पेज मकॉनेल, ड्रम्सवर जॉन फिशमन. दोन रात्रींची यादी कधी सारखी नसते आणि एका वीकेंडात गाणं सहसा पुन्हा येत नाही. २०१७ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनला त्यांनी १३ रात्रींत २३७ गाणी वाजवली, एकही पुन्हा नाही. त्यामुळे चारपैकी एकच रात्र जाणं म्हणजे मैफलीत आलाप ऐकून उठणं. जॅम म्हणजे गाण्याच्या ओघात केलेलं उत्स्फूर्त वादन. चाहते त्याचे दोन प्रकार मानतात. पहिल्यात गाण्याचा साचा तसाच राहतो आणि विस्तार त्याच्या आत होतो. दुसऱ्यात चौघंही गाणं सोडून निघतात, सूर बदलतो, लय बदलते, आणि परत येतीलच असं नाही. ख्यालावर पोसलेल्या कानाला पहिला प्रकार लगेच कळतो. दुसऱ्याला वेळ लागतो, कारण तिथे सम शोधत बसलं की हाती काही लागत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये, १५ ते १८ तारखेला, डेलावेअरमधल्या डोव्हरला वुडलँड्सच्या मैदानावर ‘मॉन्डेग्रीन’ हा फिशचा फेस्टिव्हल झाला. चार रात्रींचा. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बाजूच्या मराठी मंडळींना गाडीनं दोन-अडीच तास. पुढचे बरेचसे आकडे तिथलं हवामान धरून दिले आहेत.

तिकिटाची सुरुवात सोडतीनं होते. उघड विक्रीच्या आधी बँड स्वतःच मागणी नोंदवून घेतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे माणशी तिकीट घेतलं की काम झालं असं समजणं. गाडी आणि तंबूचा पास वेगळा असतो, आणि तो गाडीमागे एक लागतो. सोडत लागली नाही तर कॅशऑरट्रेड या वेबसाइटवर लक्ष ठेवायचं. ती चाहत्यांनीच उभी केलेली जागा आहे आणि तिथे व्यवहार मूळ किमतीलाच होतो. शेवटच्या आठवड्यात लोकांच्या रजा रद्द होतात, पोरं आजारी पडतात, आणि तिकिटं बाहेर येतात. गेटापाशी एक बोट वर करून उभी असलेली माणसं दिसतील. ती ‘मिरॅकल’ मागतायत, म्हणजे कुणाकडचं फुकटचं तिकीट. ही ग्रेटफुल डेड या जुन्या बँडच्या काळापासूनची रीत. मिळतंही कधीकधी, पण अडीच तास गाडी हाकायची ती बोटाच्या भरवशावर नको.

मित्रांच्या गाड्यांना शेजारी जागा हवी असेल तर एकामागोमाग आत शिरायचं. जागा आल्या क्रमानं लावून देतात. मागाहून आलेल्यासाठी राखून ठेवता येत नाही. सवाईला सतरंजी टाकून चार जणांची जागा धरायची कला इथे चालत नाही. फाटक उघडण्याच्या दिवशी सकाळीच पोहोचायचं. २००४ साली फिशच्या कॉव्हेंट्री फेस्टिव्हलला पावसानं मैदानाचा चिखल झाला, गाड्या आत घेणं थांबलं आणि लोक महामार्गाच्या कडेला गाड्या सोडून काही मैल चालत आत गेले. त्यांच्याकडे पाठीवर मावेल एवढंच सामान उरलं. म्हणून आमच्याकडे एक सॅक अशी भरलेली असते की ती एकटी उचलून निघालो तरी रात्र निघेल: रेनकोट, दोन लिटर पाणी, टॉर्च, कोरडे कपडे, खाणं.

आता तंबू. बहुतेकांची झोप इथेच जाते. डोव्हरला ऑगस्टच्या मध्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो आणि आठ वाजता तंबूत बसवत नाही. शो संपून झोपायला दोन-तीन वाजतात, म्हणजे हातात पाच-सहा तास. ते वाढवायचे तर आधी कंपासनं पूर्व बघायची, तीन बाय तीन मीटरचा मांडव पूर्वेला लावायचा आणि तंबू त्याच्या पश्चिमेला, लगटून. मांडवाच्या पूर्वेकडच्या बाजूवर अपघातपेटीत असते तसली चंदेरी चादर, चकचकीत बाजू बाहेर करून, कपड्यांच्या चिमट्यांनी लावायची. एवढ्यानं सकाळचा दीड तास तरी पदरात पडतो. सगळ्या खर्चात हा सगळ्यात स्वस्त दीड तास.

मांडवाबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या कुचकामी असतात. ३० सेंटीमीटरच्या जाड खुंट्या घ्या. डोकं मांडवापासून बाहेर कललेलं ठेवून तिरप्या ठोका, म्हणजे दोरी ताणली की खुंटी जमिनीत रुतते, उपटली जात नाही. शिवाय प्रत्येक पायाला दहा लिटर पाण्याचा कॅन बांधा. शोला जाताना मांडवाचे पाय सगळ्यात खालच्या खाचेत आणायचे आणि ढग दिसत असतील तर कापड काढूनच ठेवायचं. उंच ठेवलेला मांडव वादळात शिडासारखा उडतो आणि शेजाऱ्याच्या तंबूवर उतरतो.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर. दोघं, चार दिवस, म्हणजे ३२ लिटर घरूनच. मैदानावर नळ असतातच, मग एवढं कशाला? २०१८ चा ‘कर्व्हबॉल’ आठवा: वॉटकिन्स ग्लेनला पुरानं गावाचं पाणी दूषित झालं आणि फेस्टिव्हल सुरू व्हायच्या आदल्या दिवशी रद्द झाला. लोक तोवर तंबू ठोकून बसले होते. बर्फाच्या पिशव्यांऐवजी दोन-दोन लिटरच्या बाटल्या गोठवून न्यायच्या. मोठा गड्डा सावकाश वितळतो, वितळला की पिता येतो आणि खाणं भिजत नाही. कूलर दोन हवेत. पेयांचा दिवसातून पन्नास वेळा उघडतो. दही-दूध त्यात ठेवलं तर शुक्रवारीच आंबतं. काचेची बाटली आणि उघडी शेकोटी सहसा आत नेऊ देत नाहीत.

खाण्यात आपण मराठी माणसं नशीबवान. पातळ पोह्यांत मेतकूट, तेल, तिखट, मीठ, वर दही. चूल लागत नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उन्हाळ्यातही दोन दिवस सहज टिकतात. घाम जातो तो मीठही घेऊन जातो, तेव्हा नुसतं पाणी ढोसून भागत नाही. लिंबू-मीठ-साखर किंवा कोकमाचं सरबत दुपारी दोन वेळा ठरलेलं. गाड्यांच्या मधल्या गल्लीत बाजार भरतो, त्याला ‘शेकडाउन’ म्हणतात. तिथलं ग्रिल्ड चीज खाऊन बघण्यासारखं. सिलिंडरचा फुसफुस आवाज आणि हातोहात फुगे (नशेसाठी भरलेला नायट्रस ऑक्साइड वायू) दिसले की मात्र पुढे चालू लागा. न पिणाऱ्यांसाठी एक माहिती: ‘फेलोशिप’ नावाचा नशामुक्त चाहत्यांचा गट मध्यंतरात पिवळा फुगा बांधलेल्या टेबलापाशी भेटतो.

दुपारी दीड ते चार झोपायचं, गाढ लागो वा न लागो. याचं कारण फक्त थकवा नाही. फिशच्या फेस्टिव्हलांत रात्री उशिरा न जाहीर केलेलं काहीतरी वाजतं. १९९६ च्या क्लिफर्ड बॉलला पहाटे उघड्या ट्रकवर बसून ते गाड्यांच्या तळातून वाजवत फिरले. २००३ ला विमानतळाच्या टॉवरवरून, २०११ ला गोदामाच्या शेडमधून, २०१५ ला ड्राइव्ह-इनच्या पडद्यामागून. शो संपताच झोपलेल्यांना सकाळी शेजारी सांगतात, तेव्हाचे चेहरे बघवत नाहीत.

उभं कुठे राहायचं? रंगमंचाकडे तोंड केलं की डावीकडे पेज, उजवीकडे माइकची बाजू. पेजकडे गर्दी आणि धिंगाणा, माइककडे मोकळी जागा, असं चाहते म्हणतात आणि ते बरंचसं खरं आहे. प्रकाशयोजना करणाऱ्या क्रिस कुरोडाचे दिवे पूर्ण बघायचे तर साउंडबोर्डच्या, म्हणजे आवाज मिक्स करणाऱ्या टेबलाच्या आसपास. कानात बोळे हवेतच: १०० डेसिबलला सुरक्षित वेळ १५ मिनिटं धरतात आणि दोन सेट मिळून तीन तास होतात. फोमच्या बोळ्यांनी वरचे सूर मरतात. १५ डेसिबल कमी करणारे संगीताचे फिल्टरवाले घ्या.

मी रेकॉर्डिंग करतो, त्याबद्दल जरा सविस्तर. बँडची परवानगी असते, टेपरांचं, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्यांचं तिकीट वेगळं आणि जागा साउंडबोर्डच्या मागे. अट एक, विकायचं नाही. अधिकृत रेकॉर्डिंग बाजारात येतंच, मग हा खटाटोप का? त्यात मैदान नसतं. लोकांनी श्वास रोखलेला ऐकू येत नाही.

दोन कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त घेणारे) माइक, एकमेकांपासून १७ सेंटीमीटर, मधला कोन ११० अंश. स्टँड अडीच मीटर, म्हणजे डोक्यांच्या वर आणि मागच्याच्या नजरेआड न येईल इतपत. तीनपैकी एक पाय रंगमंचाच्या दिशेनं ठेवायचा आणि पायांवर वाळूची पिशवी, कारण ‘हॅरी हुड’ वाजायला लागलं की चमकत्या कांड्या हवेत उडतात आणि त्यातली एखादी नेमकी माइकवर येते. फोमच्या टोप्या वाऱ्यासाठी घालायच्याच, त्या कांडीचा ठोकाही थोडा सोसतात. वायर स्टँडला तीन ठिकाणी कापडी टेपनं बांधायची. लोंबती वायर वाऱ्यात स्टँडवर आपटते आणि तो टकटक आवाज नंतर काढता येत नाही.

रेकॉर्डर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर. तासाला साधारण एक जीबी, रात्रीला तीन. पहिल्या गाण्यात आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आत ठेवायची, कारण पहिल्या दोन-तीन गाण्यांत मिक्स करणारा आवाज चढवत नेतो. नवशिके सुरुवातीलाच उणे तीनवर लावतात आणि चौथ्या गाण्यापासून सगळं फाटतं. माइकना ४८ व्होल्ट द्यायचे तर पेन्सिल सेल दुसऱ्या सेटच्या मध्यावर मान टाकतात. पॉवर बँक लावा आणि आत सेलही असू द्या. मध्यंतरात फाइल बंद करून नवी सुरू करायची. सलग चालू ठेवली आणि वीज गेली तर दोन्ही सेट एकदम जातात. स्टँडखाली उभं राहून आपण टाळ्या वाजवायच्या नाहीत. हे सगळ्यात अवघड.

यादी वहीत लिहितो, फोनवर नाही. हजारो माणसांत नेटवर्क बसतं आणि पडदा मागच्याच्या डोळ्यात जातो. खुणा ठरलेल्या आहेत. गाणं संपून थांबले तर स्वल्पविराम. न थांबता पुढचं धरलं तर साधं बाणाचं टोक. जॅममधूनच, कुठे वळले ते कळायच्या आत, दुसरं गाणं उगवलं तर पूर्ण बाण. त्या शेवटच्या खुणेवरून पुढे अर्धा अर्धा तास वाद होतात.

या वहीचा रविवारी उपयोग असतो. आधीच्या रात्री ‘ट्वीझर’ वाजलंय आणि ‘ट्वीझर रिप्राइज’ अजून आलेलं नाही, असं वहीत दिसलं तर शेवटच्या गाण्याआधी गर्दी चुकवायला निघायचं नाही. ते बहुधा अगदी शेवटाला येतं.

रविवारी दुपारी तंबू आणि अंथरूण सोडून सगळं गाडीत भरतो, पण रात्री गाडी काढत नाही. तळातून बाहेर पडायलाच तासन्‌तास जातात आणि चार दिवसांच्या जागरणावर महामार्ग घेणं वेडेपणा आहे. शिवाय फोन चार्ज करून करून बॅटरी बसलेल्या गाड्या रांगेत आडव्या येतात. जंपर केबल जवळ असू द्या, आपल्याला नाही तर शेजाऱ्याला लागते. सोमवारी सातला उठून मांडव वाळवायचा, खुंट्या मोजून घ्यायच्या, कार्डावरच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या. उतरल्या की नाही ते एकदा हेडफोन लावून ऐकायचं आणि मग किल्ली फिरवायची.