पॅक 38 ते 43: थरथरीचा माग

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की उतरवताना माझी रिमोटवरची हेली (हेलिकॉप्टर) आडवी झाली, दोन्ही मेन ब्लेड (वरची मोठी पाती) गेली, बाकी काही झालं नाही. ते ‘बाकी काही झालं नाही’ मागे घेतो.

हेली 450 साइजची, ब्लेड 325 मिमीची, हेडस्पीड (मेन ब्लेडचे मिनिटाला फेरे) साधारण 2500. नवी ब्लेड लावून पॅक 38 (पॅक म्हणजे बॅटरी, एका पॅकवर एक उड्डाण) उडवला तर ट्रॅकिंग बिघडलेलं, म्हणजे दोन्ही ब्लेड एका पातळीत फिरत नव्हती. ज्या ब्लेडच्या टोकाला लाल टेप आहे ते वरून फिरत होतं. त्याची लिंक (ब्लेडचा कोन ठरवणारी छोटी दांडी) अर्धा फेरा फिरवली आणि हॉवरला (एका जागी तरंगताना) दोन्ही टोकं एका रेषेत आली. खूश! पण कलेक्टिव्ह (दोन्ही ब्लेडचा एकत्र कोन) जरा वाढवलं की पुन्हा फाकायची. वर शेपटीचा फिन (उभा पंख) थरथरीने दोन-दोन दिसायला लागला आणि टेल मधेच झटका देऊ लागली. मी काय करावं? शेपटी स्थिर ठेवणाऱ्या जायरोचा गेन (संवेदनशीलता) उतरवला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पॅक 40 नंतर मात्र हेली टेबलावर घेतली. मेन आणि टेल, सगळी ब्लेड काढून मोटर फिरवली. एकदम शांत. म्हणजे मेन शाफ्ट, गिअर, मोटर यांच्यावरचा संशय बराच कमी झाला. उरले ब्लेड ग्रिप (ब्लेड धरणारे भाग) आणि त्यांच्या आतून जाणारा आडवा दांडा, स्पिंडल. स्पिंडल काढून काचेवर ठेवला, मागे टॉर्च धरला आणि बोटाने हळू लोटला. खालच्या फटीतून उजेड यायचा, जायचा, परत यायचा, म्हणजे स्पिंडल वाकलेला. नुसत्या डोळ्यांना तो सरळच दिसत होता. आडवी पडलेली हेली ‘वाचली’ असं वाटलं तरी स्पिंडल काचेवर लोटल्याशिवाय पुढचा पॅक लावायचा नाही, हे आता वहीच्या पहिल्या पानावर आहे.

याचं एवढं का, तर सहज हिशेब केला. ब्लेड 30 ग्रॅमचं, त्याचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या मध्यापासून साधारण 19 सेंमीवर. 2500 आरपीएमला ते सुमारे 40 किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढलं जातं. ही ओढ स्पिंडलच्या टोकाच्या एका बारक्या स्क्रूवर येते. म्हणून नवा स्पिंडल बसवताना स्क्रू आणि आटे दोन्ही तेल पुसून कोरडे केले, निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावला आणि रात्रभर सुकू दिला. (प्लॅस्टिकच्या लिंकला थ्रेडलॉक लावू नका, चिरते.) ही ओढ झेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगच्या दोन चकत्या जुळ्या दिसतात, पण एकीचं भोक किंचित मोठं असतं. ती हबकडे (मधल्या भागाकडे). मी दोन्ही स्पिंडलवर सरकवून पाहतो. सैल बसते ती मोठी.

टेबलावरचं सेटअप करताना मोटरच्या तीनपैकी दोन वायर सोडून ठेवतो. ब्लेडच्या टोकाचा वेग ताशी 330 किलोमीटरच्या पुढे जातो, तेव्हा ‘थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारा रिमोटवरचा स्विच) होतं ना’ या भरवशावर बोटं ठेवायची नाहीत. मैदानातही होल्ड लावूनच पॅक जोडायचा, दहा-बारा पावलं मागे जायचं, मगच होल्ड काढायचा. उतरल्यावर आधी होल्ड, मग फिरती ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही. ट्रान्समीटर (हातातला रिमोट) सगळ्यात आधी चालू, सगळ्यात शेवटी बंद.

आता उडवण्याचं. पॅक 41 पासून नोज-इन हॉवर (नाक आपल्याकडे करून तरंगणं) सुरू केलं. सिम्युलेटरवर जमत होतं, मैदानात नाक आपल्याकडे वळलं की हात गोठतात. एक युक्ती कामी आली: हेली ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला स्टिक द्यायची, जणू खाली टेकू लावतोय. उंची दोन पुरुष तरी हवी, म्हणजे चुकलं तर टेल-इन (शेपटी आपल्याकडे) करायला अवकाश मिळतो. पॅक 41 ला तीन सेकंद, 43 ला सलग बारा. वारा पडला होता हेही खरं.

टायमर पाच मिनिटांवर आहे. 2200 mAh च्या पॅकमध्ये चार्जर साधारण 1700 mAh परत भरतो, म्हणजे 80 टक्क्यांच्या आतच. उडवायचं नसेल त्या दिवशी पॅक 3.8 व्होल्ट प्रति सेलवर ठेवतो.

गेन आधीच्या आकड्यावर आणला, लिंकचा तो अर्धा फेराही उलटा फिरवला. फिन आता एकच दिसतो. टेल बेल्टचे (शेपटीची ब्लेड फिरवणाऱ्या पट्ट्याचे) एका जागचे दात मात्र झिजल्यासारखे वाटतात, त्यामुळे पॅक 44 आधी बेल्ट.