स्वयंभू, पण मोटरवर : मेणाचा ठोकळा, तिसरी खेप

काल रात्री ठोकळा पहिल्यांदा कमानीतून आरपार गेला!

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचं 'स्वयंभ' (२००७) म्हणजे रुळांवरून अगदी सावकाश सरकणारा लाल मेणाचा अजस्र ठोकळा. २००९ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत तो दालनांच्या दारांतून असा घासत गेला की चौकटींवर मेणाचे लपके बसले. त्याचीच टेबलावर मावणारी नक्कल करतोय.

मेणाने खूप रडवलं. पॅराफिन आणि व्हॅसलीन निम्मंनिम्मं घेतलं तर एप्रिलच्या दुपारी ठोकळ्याचं पोट सुटलं. ७०:३० केलं तर घासण्याऐवजी कोपऱ्याचे टवके उडाले आणि ठोकळा मध्येच अडकला. आता ६०:४०, तेही पातेल्यात पातेलं ठेवून वितळवलेलं. रंगासाठी फरशीचा रेड ऑक्साइड. शेंदराचा मोह झाला होता, पण त्यात शिसं असतं. घरात नको.

शेंदरावरून आठवलं. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा लेप २०२२ मध्ये उतरवला, तेव्हा आतलं रूप पाहून लोक थक्क झाले होते. तिथे चढत गेलेल्या थरांनी रूप घडवलं, माझ्याकडे खरवडून निघालेल्या मेणाने. मला तर ठोकळ्यापेक्षा कमानच जास्त बघावीशी वाटते.

ढकलायला मायक्रोवेव्हच्या ताटलीची मोटर, मिनिटाला ५ फेरे, आणि एम-८ चा, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचा, आटेवाला रॉड. एका फेऱ्याला सव्वा मिलिमीटर, म्हणजे ४० सेंटिमीटरला तास आणि चार मिनिटं. ही मोटर मात्र लहरी. चालू करताना उलटी फिरेल की सुलटी, तिचं तिलाच ठाऊक. दोनदा ठोकळा मागे निघाला. शेवटी बटण बंद-चालू करत बसलो.

चाळिसाव्या मिनिटाला डाव्या खांबापाशी मेणाची झालर सुटली, पातळ, कडेला दातेरी, आणि स्वतःच्या वजनाने वळत खाली आली. ती मी केलेली नाही. मागे ठोकळ्यावर कमानीतल्या खिळ्याची एक लांब रेघ उमटली होती. खिळा ठोकायचा राहून गेलेला. आता तो तसाच ठेवणार.

सकाळी आई सुरी घेऊन कमान साफ करायला आली होती. कमान थोडक्यात वाचली.