ग्रॅनाइट किती खोलवर थिजला? मनसर-देवलापार फेरी

ग्रॅनाइटची खोली नुसत्या ग्रॅनाइटात शोधत बसलं की दिवस वाया जातो. ती कळते त्याला खेटून असलेल्या खडकात. म्हणून या फेरीचा बहुतेक वेळ नाल्यांच्या पात्रांत, दोन खडकांच्या सीमेवरच गेला.

सकाळी सहाला नागपूर सोडून कामठी, कन्हानमार्गे मनसर आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ४४ नेच पुढे देवलापार. इथे सौसर गट या जुन्या खडकसमूहाचे शिस्ट (पापुद्र्यांचा खडक), संगमरवर, मँगनीजवाले गोंडाइट आणि जोडीला तिरोडी नाइस, म्हणजे फिकट-काळ्या पट्ट्यांचा खडक. मनसरला खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका. पेंचच्या बाजूला आधी वनखात्याची परवानगी काढा.

नाइस नीट बघा. बायोटाइट या काळ्या अभ्रकाच्या पट्ट्यांमधून बोटभर जाडीच्या फिकट ग्रॅनाइटी शिरा पट्ट्यांना धरून जातात, आणि वळल्या तर दोन्ही एकत्र वळतात. शिरेच्या मध्यात फेल्डस्पार या फिकट खनिजाचे कण जेवढे मोठे, तेवढेच कडेला. म्हणजे शीर आली तेव्हा भोवतालचा खडक आधीच तापून मऊ झालेला होता. भूवैज्ञानिक बडिंग्टन यांच्या ग्रॅनाइटच्या खोलीनुसार केलेल्या १९५९ च्या वर्गीकरणात हा सगळ्यात खोलचा थर, कॅटाझोन, ढोबळमानाने ११ किमीच्या खालचा.

उथळ ग्रॅनाइट थंड, ठिसूळ खडकात घुसतो. तिथे सीमा पट्ट्यांना छेदून जाते, कडा पटकन थंड झाल्याने तिथले कण बारीक होतात, आत कोनदार तुकडे अडकतात आणि भोवती भाजून कडक झालेला हॉर्नफेल्स सापडतो. हा प्रकार समजून घ्यायचा तर रेल्वेने डोंगरगडला जा. तिथला ग्रॅनाइट बिजली रायोलाइट या ज्वालामुखी खडकात घुसलेला आहे.

मोजणी सोपी आहे, पण कंटाळू नका. सीमेला काटकोनात टेप पसरा, दर ५ मीटरला फोलिएशनची, म्हणजे खडकातल्या समांतर पट्ट्या-पापुद्र्यांची, दिशा आणि उतार नोंदवा. सीमेजवळ येताना फोलिएशन सीमेकडे वळतं की सरळ कापलं जातं, हा खरा प्रश्न. हातोडा आणि गाडी कंपासपासून लांब ठेवा, नाहीतर सुई भरकटते.

सगळ्यात मोठी फसगत समांतरपणाची. नंतरच्या दाबाने उथळ ग्रॅनाइटची सीमाही फोलिएशनला समांतर होऊ शकते. ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ स्वतःच चपटं, लांबट झालेलं असेल तर नुसत्या समांतरपणावर खोली ठरवू नका, खनिजं बघा. अँडालुसाइट हे खनिज सुमारे ४ किलोबार दाबाच्या वर, म्हणजे साधारण १४-१५ किमीच्या खाली, टिकत नाही. निळसर पातं दिसलं तर चाकू लावा: लांबीच्या दिशेने ओरखडा उठला आणि आडवा उठला नाही, तर ते कायनाइट, जास्त दाबाचं खनिज. मात्र कायनाइट सगळ्या परिसरात पसरलेलं असेल तर तो दाब प्रादेशिक रूपांतरणाचा, म्हणजे अख्ख्या प्रदेशाचे खडक दाबा-उष्णतेने बदलले तेव्हाचा. ग्रॅनाइटही त्याच वेळचा असल्याशिवाय तो आकडा त्याला लावू नका.

डिसेंबर ते फेब्रुवारीत पात्रं उघडी असतात. तिरप्या उन्हात फोलिएशन उठून दिसतं, म्हणून सीमेचे फोटो दहाच्या आत काढा, आणि शेजारी नाणं नको, मोजपट्टी ठेवा.